जुन्या जीपचा पुढचा दांडा

पेण-रोह्याकडे जुनी जीप अजून अधूनमधून दृष्टीस पडते. कुठे ती हौसेने रंगवून ठेवलेली असते, तर कुठे डोंगरातल्या वाडीवर सिमेंटची पोती आणि माणसे वाहून नेत असते. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या काही लष्करी लिलावांतून आपल्या लोकांच्या हाती आल्या. पुढे मुंबईत महिंद्रांनी विलीजचे सुटे भाग आणून गाड्या जुळविण्याचे काम हाती घेतले. १९५३ साली विलीजने काढलेली उंच नाकाची सीजे-३बी ही गाडी तर महिंद्रांनी इथे कित्येक वर्षे बनविली. आपल्याकडे जिला नुसते 'जीप' म्हणतात, ती बहुधा हीच किंवा हिच्याच घराण्यातली.

या गाडीच्या पुढच्या चाकांना फिरविणारे जे दोन दांडे असतात, त्यांना कारखान्यात ॲक्सल शाफ्ट म्हणतात. हल्ली जुन्या जीपला मूळच्यापेक्षा बळकट दांडे बसविण्याकडे मालकांचा कल दिसतो. बाजारात ते मिळतात, लेथवर करूनही मिळतात. मग प्रश्न येतो, कोणता घ्यावा? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न, घ्यावा का? कॉलेजात गणित शिकविणारा मी, मोटारीच्या कारखान्यात तसा उपराच. पण हा प्रश्न निम्मा गणिताचा आहे, म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

प्रथम हा दांडा करतो काय, ते पाहू. बैलगाडीची आस सर्वांनी पाहिलेली आहे. ती आस फिरत नाही. ती सगळा भार अंगावर घेते आणि चाके तिच्याभोवती फिरतात. जीपच्या पुढच्या दांड्याचे नेमके उलट आहे. गाडीचा भार त्याच्यावर नसतोच. तो भार बाहेरची पोकळ नळी, तिच्या टोकाचा स्टब आणि चाकातल्या बेअरिंगा वाहतात. दांडा त्या नळीच्या आत मोकळा असतो आणि त्याला एकच काम असते, पीळ सोसण्याचे. धोतर पिळून काढताना दोन माणसे दोन टोके धरून उलट दिशांना फिरवितात ना, तसेच. एका टोकाला इंजिन फिरवू पाहते, दुसऱ्या टोकाला चाक जमिनीला धरून बसते, आणि मध्ये दांडा पिळला जातो. यातून एक समाधानाची गोष्ट निघते. पुढचा दांडा मोडला तरी चाक निखळून पडत नाही. सीजे-३बीच्या मागच्या बाजूला मात्र निराळी रचना आहे. तिथे दांडाच भारही घेतो, आणि त्याचे टोक तुटले तर चाक बाहेर येऊ शकते. पैसा मोजका असेल तर आधी मागचे दांडे, त्यांचे निमुळते टोक आणि त्यातली चावी तपासून घ्यावी. पुढच्याचा विचार नंतर. लोक बहुधा उलट करतात.

पुढचा प्रत्येक दांडा दोन तुकड्यांचा असतो. आतला तुकडा डिफरन्शिअलमधल्या गिअरमध्ये बसतो. त्यासाठी त्याच्या टोकावर लांबट खाचा पाडलेल्या असतात, त्यांना स्प्लाइन म्हणतात. बाहेरचा तुकडा चाकाच्या हबपर्यंत जातो. चाक तर डावी-उजवीकडे वळले पाहिजे, म्हणून या दोन तुकड्यांमध्ये सांधा असतो. युद्धकाळातल्या गाड्यांत हे सांधे गोळ्यांचे किंवा सरकत्या पाट्यांचे होते; बेन्डिक्स, झेप्पा, ट्रॅक्टा अशी त्यांची नावे. नंतरच्या पुष्कळ गाड्यांत साधा क्रॉस आला. विलीजच्या रचनेत डिफरन्शिअल मधोमध नसून उजवीकडे सरकलेले आहे. त्यामुळे डावा दांडा लांब आणि उजवा आखूड. लांब दांडा जरा जास्त पिळवटतो, म्हणजे हिसका थोडा पचवितो. आखूड दांड्याला ती सवलत नाही.

आता हिशेब. पीळ मोजण्याचे एक सोपे माप आहे. एक मीटर लांबीच्या पहारीच्या टोकाला एक किलोचे वजन टांगले, म्हणजे दुसऱ्या टोकाला एक किलोग्रॅम-मीटर पीळ पडला. सीजे-३बीचे पेट्रोल इंजिन जास्तीत जास्त पावणेसोळा किलोग्रॅम-मीटर पीळ देते. पहिल्या गिअरमध्ये तो २.८ पट होतो, लो गिअरमध्ये आणखी २.४६ पट, आणि डिफरन्शिअलमध्ये ५.३८ पट. तिन्हींचा गुणाकार करा, ३७ येतात. म्हणजे इंजिनाचा पीळ ३७ पट होऊन सुमारे ५८० होतो. घर्षणातली घट तूर्त सोडून देऊ. निम्मा पुढे, निम्मा मागे, आणि पुढच्यातला निम्मा प्रत्येक चाकाला. म्हणजे एका दांड्याच्या वाट्याला १४५ आला.

पण थांबा. इतका पीळ दांड्याला मिळायचा तर चाकानेही तितके धरून ठेवले पाहिजे. समजा, त्या चाकावर ३०० किलो भार आहे आणि कोरड्या कातळावर टायरची पकड भाराच्या आठ-दशांश आहे. म्हणजे टायर २४० किलोंपर्यंत धरील, त्यापुढे घसरेल. टायरची त्रिज्या ३६ सेंटिमीटर धरली तर २४० गुणिले ०.३६, म्हणजे सुमारे ८६ किलोग्रॅम-मीटर. इंजिन १४५ द्यायला तयार आहे, पण टायर ८६ लाच हात टेकतो आणि घसरतो. दांड्याचे रक्षण टायर करतो, असे म्हणायला हरकत नाही. भाताच्या खाचरात, खाजणाच्या चिखलात तर पकड याहूनही कितीतरी कमी. चिखलात चाक भरभर फिरताना पाहून मालकाचा जीव वरखाली होतो, पण दांड्याला त्या वेळी फारसा त्रास नसतो.

त्रास होतो तो कोरड्या खडकावर, ओढ्याच्या पात्रातल्या धोंड्यांत. चाक अधांतरी आले, ते वेगाने फिरू लागले, ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर दाबूनच धरला, आणि फिरते चाक एकदम दगडावर टेकले. त्या क्षणी चाकाचा आणि टायरचा सगळा वेग थांबविण्याचे काम त्या बिचाऱ्या दांड्यावर येते. वरचा हिशेब संथ पिळाचा होता. हा घणाचा घाव आहे. त्यात चाक पूर्ण वळविलेले असेल तर आणखी वाईट. साध्या क्रॉसचा एक दोष असा की, सांधा वाकलेला असताना आतला तुकडा एकसारखा फिरला तरी बाहेरचा एकसारखा फिरत नाही. ३० अंशांच्या वळणावर बाहेरच्याचा वेग आतल्याच्या ०.८७ पट ते १.१५ पट असा मागेपुढे होतो, आणि तोही प्रत्येक फेऱ्यात दोनदा. गोळ्यांच्या सांध्यात हे होत नाही. म्हणून क्रॉसवाल्या जीपच्या ड्रायव्हरने दगडातून चढताना चाके होता होईल तो सरळ करावीत आणि मगच जोर लावावा. हा उपाय फुकटचा आहे.

दुसरा शत्रू डांबरी रस्त्यावर आहे, हे ऐकून नवल वाटेल. पावसाळ्यात सुकेळी खिंडीत रस्ता निसरडा वाटला की काही जण फोर व्हील टाकतात आणि पुढे कोलाडपर्यंत तसेच जातात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. या जीपमध्ये पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये तो फरक सोसणारे डिफरन्शिअल नाही. चिखलात चाक जरासे घसरते आणि फरक मिटतो. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, आणि फरक दांड्यांत पिळाच्या रूपाने साठत जातो. गिअर काढू म्हटले तर दांडी निघत नाही, हे त्याचेच लक्षण. असे वर्षानुवर्षे झाले की चांगला दांडाही थकतो, आणि मग एखाद्या क्षुल्लक जागी मोडतो. दोष मात्र त्या जागेला दिला जातो.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, दांडा मोडला तर तुकडे भंगारात टाकू नका, आधी ते वाचा. शिक्षकांना याचे प्रात्यक्षिक वर्गात दाखविता येईल. फळ्यावरचा खडू घ्या, दोन टोके धरून पिळा. तो आडवा सरळ तुटत नाही. ४५ अंशांच्या तिरक्या, मळसूत्री रेषेत तुटतो. ठिसूळ पदार्थ पिळल्यावर असेच तुटतात. दांडा असा तुटलेला दिसला तर समजावे, पोलादाला नको तितके कडक पाणी दिलेले होते. तुकड्याचे तोंड आडवे, सपाट असेल आणि स्प्लाइनच्या खाचा दोरीसारख्या वळलेल्या असतील, तर पोलाद चिवट होते पण त्याच्यावर पीळच झेपेल त्याहून अधिक पडला. तिसरा प्रकार सर्वांत जास्त शिकवितो. तुटलेल्या तोंडावर एका कडेला शिंपल्यावरच्या वळ्यांसारख्या गुळगुळीत, काळपट रेषा आणि उरलेला भाग ताजा, खरबरीत. ही थकव्याची खूण. तडा जुना होता, रोज थोडा थोडा वाढत होता, आणि शेवटच्या दिवशी उरलेले पोलाद तुटले. असा तडा बहुधा खाचेच्या मुळाशी किंवा व्यास बदलतो त्या धारदार कोपऱ्यात सुरू होतो. तेव्हा दुप्पट किमतीचा दांडा आणला आणि त्यालाही तसाच कोपरा असला, तर पैसे वाया गेले.

आता निवडीकडे येऊ. पहिली गोष्ट जाडी. पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. पेणेत शाडूच्या मातीला तोटा नाही. एक बोटभर आणि एक दीड बोट जाडीची, अशा सारख्या लांबीच्या दोन कांड्या करून अर्धवट सुकल्यावर मुलांना पिळायला द्या. दीड गुणिले दीड गुणिले दीड म्हणजे ३.३७५, जाड कांडी सव्वातीन पटींहून जास्त जोर घेईल. पोलादातही तेच. पुढे निघालेल्या डाना ३० जातीच्या ॲक्सलमधला २७ खाचांचा दांडा १.१६ इंच व्यासाचा, आणि डाना ४४ मधला ३० खाचांचा १.३१ इंचांचा. फरक डोळ्यांना दिसेल न दिसेल इतका, पण ताकद सुमारे ४४ टक्क्यांनी जास्त. आपल्या जीपच्या डाना २५ जातीच्या दांड्याला १० खाचा असतात, आणि त्या खोल असतात. खोल खाच म्हणजे तितके पोलाद कमी झाले. व्यास मोजायचा तो खाचेच्या मुळाशी. बारीक आणि पुष्कळ खाचांचा दांडा घेतला तर मुळाशी पोलाद जास्त राहते. पण मग डिफरन्शिअलमधले गिअरही तितक्याच खाचांचे घालावे लागतात. दुकानदार दांड्याची किंमत सांगतो. गिअरची किंमत आपण विचारावी.

दुसरी गोष्ट पोलाद. लेथवाल्याकडे गेलात तर तो विचारील, ईएन ८ मध्ये करू की ईएन २४ मध्ये? ईएन ८ हे साधे मध्यम कर्बाचे पोलाद. ते नुसते नॉर्मलाइज केलेले असेल तर प्रत्येक चौरस मिलिमीटरला सुमारे ५५० न्यूटन ताण सोसते. ईएन २४ मध्ये निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असते. योग्य पाणी दिले तर ते ८५० ते १००० न्यूटनांपर्यंत जाते. अमेरिकेतल्या बळकट दांड्यांच्या जाहिरातीत ४३४० हा आकडा दिसतो, ते पोलाद याच जातीचे. पण 'योग्य पाणी दिले तर' हे शब्द विसरू नका. कोयत्याला पाणी देणाऱ्या लोहाराला हे सांगावे लागत नाही. उत्तम लोखंडाचा कोयताही पाणी बिघडले की वाकतो नाहीतर टवका उडतो. ईएन २४ ची सळई आणून नुसती खरादली आणि दांडा म्हणून विकली, असेही होते. घेताना उष्णसंस्काराचा दाखला मागावा. दाखला नसेल तर निदान कानस लावून पाहावी. पृष्ठभाग कडक केलेल्या खाचेवरून कानस घसरली पाहिजे; ती चरचरीत चावू लागली तर तो दांडा दुकानातच राहू द्यावा. आणि मोडलेला दांडा वेल्डिंग करून घेणे, हा विचारसुद्धा नको.

पिळाचा ताण दांड्याच्या गाभ्यात नसतो, कातडीवर सर्वांत जास्त असतो. म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत हवा, लेथच्या हत्याराचे ओरखडे नकोत, आणि व्यास बदलतो तिथे काटकोन न ठेवता गोलाई हवी. बोट फिरवून हे कळते. जाहिरातीपेक्षा बोटावर विश्वास ठेवावा.

तिसरी गोष्ट सांधा. दांडा भक्कम आणि क्रॉस जुनाच, असे केले तर दांड्याऐवजी क्रॉस तुटेल. त्याचे कप उडून सांध्याभोवतीच्या बंद गोळ्यात अडकले की स्टिअरिंग अडखळू शकते, आणि उतारावर हे फार धोक्याचे. म्हणून आतला तुकडा, बाहेरचा तुकडा आणि क्रॉस एकाच जोडीचे घ्यावेत. कप पक्के राहण्यासाठी सर्क्लिप नीट खाचेत बसल्याची खात्री करावी. ग्रीस भरण्याचे छिद्र असलेला क्रॉस छिद्रामुळे किंचित कमजोर असतो, बिनछिद्राचा भरीव असतो. बेन्डिक्स जातीचा जुना सांधा असेल तर त्याला दोन्ही बाजूंनी थ्रस्ट वॉशरचा आधार लागतो. ते झिजले की गोळ्या सुटतात. अशा गाडीला क्रॉसचा दांडा घालताना नळीच्या टोकाचा स्टब आणि बुश जुळतात का, हे गाडी खोलण्यापूर्वी मोजून घ्यावे.

आता 'घ्यावा का' या प्रश्नाचे उत्तर. घरात फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून जाड तार बांधणारे लोक आपण पाहिले आहेत. फ्यूज उडत नाही, पुढे वायरिंग जळते. जीपचा दांडा हा काही अंशी फ्यूजच आहे. तो मोडला तर गाडी मागच्या चाकांवर घरी येते. तो मोडेनासा झाला की पाळी क्राउन-पिनियनची, आणि त्याचा दात तुटून मध्ये अडकला तर चाके जागच्या जागी जखडतात. खर्चही कितीतरी जास्त. म्हणून मूळचे इंजिन, मूळच्या मापाचे टायर आणि साधे डिफरन्शिअल असलेल्या, ओझे वाहणाऱ्या जीपला मूळच्याच प्रकारचा निर्दोष दांडा, नवा क्रॉस आणि नवे सील पुरेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशेब बदलतो तो तीन कारणांनी. मोठे टायर बसविले: त्रिज्या ३६ वरून ४० सेंटिमीटर झाली की तेवढ्याच पकडीला दांड्यावर ११ टक्के जास्त पीळ. डिफरन्शिअल जखडणारे लॉकर घातले: एक चाक हवेत असले तर त्याच्या वाट्याचा पीळही दुसऱ्याच दांड्यावर. किंवा इंजिन बदलले. २०१० साली आलेल्या थारचे सीआरडीई इंजिन २४७ न्यूटन-मीटर, म्हणजे सुमारे २५ किलोग्रॅम-मीटर पीळ देते, मूळच्या १.६ पट. (इंजिन बदलायचे तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे परवानगी आणि नोंदणीपुस्तकात नोंद लागते, हे जाता जाता सांगून ठेवतो.) यांतली दोन कारणे एकत्र आली, तर मिश्रपोलादाचा दांडा घेणे शहाणपणाचे. तिन्ही आली तर दांडा बदलून भागणार नाही. सगळा पुढचा ॲक्सलच मोठ्या जातीचा हवा.

आपल्या भागात एक गोष्ट पोलादाच्या जातीपेक्षाही महत्त्वाची आहे, ती म्हणजे खारे पाणी. पेणेच्या खारपट्ट्यात, धरमतरच्या खाडीकडे किंवा कुंडलिकेच्या खालच्या अंगाला जीप चिखलात गेली की सांध्याभोवतीच्या गोळ्याचे सील झिजलेले असेल तिथून खारे पाणी आत शिरते. आतले ग्रीस दुधी होते, क्रॉसच्या सुया गंजतात, दांड्यावर बारीक खड्डे पडतात, आणि प्रत्येक खड्डा म्हणजे उद्याच्या तड्याची सुरुवात. ईएन २४ लाही गंज लागतोच. खाजणातून आल्यावर गोळ्याचा प्लग काढून बोट घालून पाहावे. बोटाला पांढरट लगदा लागला तर ते ग्रीस काढून नवे भरावे. गोळ्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर गंजाचे खवले असतील तर नवे सीलही महिन्यात फाटेल, म्हणून आधी तो घासून साफ करावा.

दांडा बसविण्यापूर्वी दोन कामे करावीत. एक, तडा तपासणे. दांडा रॉकेलमध्ये काही वेळ ठेवावा, कोरडा पुसावा, आणि खडूची पूड पाण्यात कालवून त्याच्यावर पातळ लेप द्यावा. लेप सुकल्यावर जिथे रॉकेल पाझरून ओली रेघ उमटेल, तिथे तडा आहे. जुना दांडा पुन्हा घालायचा असेल तर ही परीक्षा टाळू नये. दोन, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. सुईने ओरखडू मात्र नये. पावसाळा संपल्यावर ब्रेकच्या कामासाठी हब खोलला की दांडा बाहेर ओढून ती रेघ पाहावी. रेघ सरळ असेल तर दांडा ठीक आहे. ती दोरीच्या पिळासारखी वळली असेल तर दांडा कायमचा पिळला आहे, मोडलेला नसला तरी.

आणि रानात दांडा मोडलाच तर घाबरू नये. फोर व्हीलचा गिअर काढावा. हबला हाताने मोकळे करण्याची सोय असेल तर दोन्ही हब मोकळे करावेत; नसेल तर मोडलेल्या बाजूची हबची टोपी आणि फ्लँज काढावी. चाक उचलून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून पाहावे. ते अडखळले तर क्रॉसचे तुकडे गोळ्यात आहेत. ते काढल्याशिवाय गाडी हलवू नये. मोकळे फिरले तर हब चिंधीने झाकून, मागच्या चाकांवर सावकाश घरी यावे. बळकट दांडा घेतल्यावर जुना निर्दोष दांडा ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून सीटखाली ठेवावा. लांब आणि आखूड असे दोन्ही.